अर्ध्या टक्क्यानं

साठ टक्क्यांखालचे अर्ज बाजूला काढायचं काम बारा वर्षं माझ्याकडे आहे, कंत्राटावर. ज्यांचं अर्ध्या टक्क्यानं हुकतं, त्यांना मी स्वतः फोन करून सांगतो.

"पत्र जातंच की. तुम्ही कशाला जीव जाळता?" हेडक्लार्क म्हणाले.

"साहेब, एवढ्याशानं गेलेल्या माणसाशी कुणीतरी दोन शब्द बोलावेत."

यंदा माझ्याच टेबलाची कायम जागा निघाली होती. गठ्ठ्यातला शेवटचा अर्ज उघडला. एकोणसाठ पॉइंट सहा टक्के, अनुभव बारा वर्षांचा. 'अपात्र'चा शिक्का मारला आणि नेमाप्रमाणे अर्जावरचा घरचा नंबर लावला.

रिंग बराच वेळ वाजत राहिली. उचलणार कोण? त्या घरात मी एकटाच राहतो.