ग्रंथात नसलेलं फळ

प्रार्थनागृहाच्या भिंतीवर पहिला पुरुष, पहिली बाई आणि साप रंगवून झाले होते. झाडाचं फळ तेवढं राहिलं होतं.

“फळ कोणतं काढू? ग्रंथात तर नाव नाही,” चित्रकार बाईने विचारलं.

“सगळे सफरचंद काढतात. तुम्हाला हवं ते काढा,” धर्मगुरू म्हणाले. हिला त्यांनी फ्रॉकात असताना पाहिलं होतं, पण ओळख पटली नाही. हिच्या ताईला पोटुशी असताना त्यांनीच भर सभेत पापीण ठरवून गावाबाहेर काढलं होतं. “यांनीच मला डाळिंबं तोडायला परसात बोलावलं होतं,” असं ताई जीव तोडून सांगत होती आणि सगळं गाव तिच्यावर थुंकत होतं.

“मला हवं तेच काढते,” ती गोड हसून म्हणाली.

रविवारी भिंतीवरचा पडदा सरला. झाड लालबुंद डाळिंबांनी लगडलं होतं आणि गावात डाळिंबाचं झाड एकच होतं. एकेक मान धर्मगुरूंकडे वळली. पहिल्या बाकावरची त्यांची बायको उठली आणि तरातरा घरी गेली.

धर्मगुरूंनी कशीबशी प्रार्थना सुरू केली, तेव्हा त्यांच्या परसातून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते.