चांगल्या लॉटची डबी

मांडीवर सांभाळायला घेतलेल्या लेकीच्या जॅकेटच्या खिशात हात घातला आणि लेथवरच्या टर्नरच्या काळजात धस्स झालं. खिशात छऱ्यांची डबी होती. चांगल्या लॉटची. आणि लेक काचेपलीकडे एअर रायफल घेऊन फायनलच्या रेषेवर उभी होती.

आता काय करायचं, कप्पाळ? रेषेवर गेलेल्या नेमबाजाला बाहेरून कुणी शब्दही टाकायचा नाही, असा नियम. हाक मारली तर तिलाच बाद करतील. तो अर्धवट उठला. दाराशी उभ्या असलेल्या पंचानं बसायची खूण केली. तो बसला. लेकीनं टेबलावरून कसलासा छर्रा उचलला, नळीत घातला. सरावाचा असणार, स्वस्तातला. पहिल्या दोघींनाच संघात जागा होती आणि हे कार्टं सरावाचे छर्रे घेऊन उभं.

या डबीसाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं. टूलरूममध्ये लेथवर जन्म काढलेला माणूस. केसाएवढा फरक म्हणजे त्याच्या लेखी हातभर. छर्रे दिसायला सगळे सारखे, पण कुठल्या नळीला कुठला लॉट, म्हणजे कारखान्यातली कुठली खेप, मानवेल ते त्या नळीलाच ठाऊक. म्हणून त्यानं रायफल व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि दर लॉटचे पाच-पाच छर्रे कार्डांवर झाडले. लॉट जमला की पाचही एकाच भोकातून जातात. तसं एक कार्ड त्याला सापडलं आणि त्याच लॉटची नवी डबी त्यानं लेकीला आणून दिली.

"बघ ठमाबाई," तो म्हणाला होता, "एकच भोक."

लेक बराच वेळ कार्डाकडे बघत राहिली होती. मग म्हणाली, "हो बाबा, एकच आहे. बाकीची कार्डं द्या इकडे, मी टाकून देते."

तेव्हापासून ते कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात असायचं. भेटेल त्याला तो दाखवायचा. आज शेजारी बसलेल्या बाईंनाही दाखवून झालं होतं. त्या दुसऱ्या एका नेमबाज मुलीच्या आई. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, "हं, छान" म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. हेवा वाटला असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

"किती पडले हो तिला?" आता त्यानं त्यांनाच विचारलं. "या स्क्रीनवर चकाकी फार येते."

"मला तर नीट दिसतंय," बाई म्हणाल्या. "दहा पॉइंट सात."

दहा पॉइंट नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. लागला असेल नशिबानं. पुढचा दहा पॉइंट पाच. मग दहा पॉइंट आठ. बाई न विचारता वाचून दाखवत होत्या. सरावाचे छर्रे असे जात नाहीत, एवढं त्याला झोपेतही कळलं असतं. आनंद व्हायचा तर उलट त्याला शंका आली. त्यानं डबी हलवून पाहिली. मागच्या सामन्यानंतर लेक म्हणाली होती, "अर्धी संपली बाबा, पुरवून पुरवून वापरतेय." अर्धी डबी खुळखुळायला हवी. ही गच्च होती. त्यानं कडेनं नख फिरवलं. कारखान्याची चिकटपट्टी चारी बाजूंनी शाबूत होती.

म्हणजे डबी उघडलीच नव्हती. आधी त्याला राग आला. बापाला बनवते? सकाळी निघताना खिशावर हात मारून "घेतली हं तुमची डबी" म्हणते, आणि वर हे?

मग त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. कार्ड त्यानं डोळ्यांसमोर धरलं नाही. डोळ्यांना ते रोजच्यासारखं काळं, गोल, एकच दिसणार होतं. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव घरात कुणी काढलं की तो ताट बाजूला सारून उठायचा. आता त्यानं कार्डावर अंगठा फिरवला. याच अंगठ्यानं त्यानं जन्मभर लोखंडावरची खोट पकडली होती. एक भोक लागलं. मग कागद. मग दुसरं. पुन्हा कागद. जरा खाली तिसरं.

बाकीची कार्डं तिनं टाकलीच नव्हती तर. खरं कार्ड त्यातलंच कुठलं तरी होतं. ते बघून तिनं आपला लॉट आणला, आणि त्याची डबी नुसती खिशात घालून मिरवली.

ओरडायची सोय नव्हती. रडायचीही नव्हती. काचेपलीकडे लेक रायफल खांद्याला लावत होती आणि तिला काही म्हणजे काहीच सांगता येत नव्हतं. त्यानं डबी परत तिच्या खिशात ठेवली.

टाळ्या झाल्या. "दुसरी आली हो तुमची," बाई म्हणाल्या. संघातली जागा पक्की झाली होती. लेक घामेजलेली बाहेर आली आणि त्याला बिलगली.

"बाबा, तुमच्या छऱ्यांनी काम केलं."

त्यानं जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं. सवयीनं तिचा हात खिशात गेला आणि डबीला लागला. तिचा चेहरा पडला, तो मात्र त्याला दिसला. त्यानं शर्टाच्या खिशातलं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.

"किती भोकं आहेत गं यावर?"

त्या दिवशीसारखीच ती बराच वेळ बघत राहिली.

"एकच आहे, बाबा."

"आहे ना? मग झालं." कार्ड त्यानं तिच्याच हातात ठेवलं. "पण पुढच्या लॉटला मोजायला तू बस. मला हल्ली कंटाळा येतो."