बान्शानची धून

त्या खासी गावात आई प्रत्येक लेकराला त्याची वेगळी धून देते आणि त्याच धुनेने हाक मारते. माणूस गेला की ती धून पुन्हा कुणी काढायची नाही. दोन्बोकच्या रॉक बँडचा पहिलाच अल्बम शिलाँगभर गाजला, पण त्यात त्याने वारलेल्या थोरल्या भावाची, बान्शानची, धून घातली होती.

“गेलेल्याला हाका मारतोस, गाढवा?” आई कडाडली.

“मेई, एकदा आमच्या कार्यक्रमाला ऐकायला ये. मग तिथंच झोडप मला.”

ती झोडपायलाच आली. गिटार थांबली आणि अख्ख्या मैदानाने तिच्या बान्शानची धून धरली, तिने पाळण्यापाशी बसून रचली होती तशीच. समोरचे डोंगर घुमले. मग सगळे शांत झाले.

दोन्बोक मंचावरून वाकला. “मेई, अजून रागात आहेस?”

“गप बस जरा,” डोंगराकडे कान लावून ती म्हणाली, “त्याला ओ तर देऊ दे.”