बेचाळिसावं नाव

आठव्या प्रश्नालाही पाल पहिली आली आणि अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे, फळ्यावरची. विज्ञानाच्या बाईंनी दोन आठवड्यांपासून रोज ऑनलाइन प्रश्नमंजुषा सुरू केली होती. डिजिटल फळ्यावर प्रश्न आणि चार रंगांत चार उत्तरं. फळ्यावरचा कोड टाकला की खेळात प्रवेश, आणि हातातल्या टॅबवर नुसते चार रंगीत चौकोन. बरोबर रंगावर ज्याचं बोट आधी, त्याला गुण जास्त. चुकलं तर कुणी फिदीफिदी हसायला नको, म्हणून खरी नावं बंद. प्रत्येकाने टोपणनाव घेतलेलं. वर्गात एकेचाळीस जण आणि फळ्यावर नावं बेचाळीस. बाई म्हणाल्या, कुणीतरी वात्रट दोन नावांनी खेळतंय, खेळू दे, अभ्यास तर होतोय.

दुसरी होती फटाकडी. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. टोपणनावाच्या आडून उत्तरं द्यायला लागली, ती बरोबर यायला लागली, आणि आता हिचं तोंड बंद कसं करायचं हा घरच्यांपुढे प्रश्न होता.

आज शेवटची फेरी होती. बारा प्रश्न. एकूण गुणांत जो पहिला येईल, तो उद्याचा धडा बाईंच्या जागी उभा राहून शिकवणार आणि बाई चक्क बाकावर बसणार. फटाकडीला तो तास हवाच होता. कपाटाच्या आरशाला तिने तो धडा सात वेळा शिकवला होता. धाकट्या भावाला इतक्यांदा शिकवला, की ती वही घेऊन आली की तो बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायचा.

खाली मैदानात मुख्याध्यापक नेहमीप्रमाणे रंगकामवाल्यांवर खेकसत होते. सगळी शाळा रंगवून झाली, मग दुसऱ्या मजल्यावरची ही एकच भिंत का संपत नाही, असं ते रोज विचारायचे. वर्गाला त्या ओरडण्याची आणि रंगाच्या वासाची, दोन्हीची सवय झाली होती.

इतक्यात फळ्यावर ऊन आलं. बाईंनी खिडकीचा पडदा सर्रकन ओढला.

नववा प्रश्न. पालीचं उत्तर आलंच नाही. दहावा प्रश्न. पाल गप्प. आणि फळ्यावर सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, फटाकडी.

शेजारच्या ढापणीने तिला गदागदा हलवलं. मागच्या बाकावरून शिट्टी आली. फटाकडीचे पाय जमिनीवर नव्हतेच. मनातल्या मनात तिने उद्याचं पहिलं वाक्य बोलूनही टाकलं.

मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं. पाल अशी ऐन वेळी शेपूट घालणारी नव्हती. नेट गेलं म्हणावं, तर नाव फळ्यावर होतंच. उत्तर येत असूनही देता येत नाही, असं कधी होईल? फळाच दिसत नसेल तर. पण वर्गात तर तो सगळ्यांना दिसत होता, अगदी ढापणीलासुद्धा.

वर्गात.

तिने पडद्याकडे पाहिलं. उन्हामुळे पडद्यावर एक सावली पडली होती. सावलीच्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात छोटासा चौकोन. सावली डावीकडे वाकली. उजवीकडे वाकली. मग टाचा उंचावून पडद्याची फट शोधायला लागली.

फटाकडी उठली. ढापणीने तिचा हात धरला. "बस खाली. दोनच प्रश्न उरलेत. जिंकलीस तू."

"पालीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून?" असं म्हणून फटाकडीने पडदा उघडला.

बाहेर, भिंतीला बांधलेल्या परांचीवर, रंगकाम करणारी एक बाई उभी होती. फटाकडीच्या मावशीच्या वयाची. नाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. हातातल्या फोनवर रंगाची बोटं उमटलेली आणि त्याखाली चार रंगीत चौकोन. कॉपी करताना पकडल्यासारखा तिने फोन पाठीमागे लपवला.

"मावशी, फोन पुढे घ्या," फटाकडी म्हणाली. "अकरावा प्रश्न येतोय."

बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा बेचाळिसाव्या नावाकडे. मग पुढचं बटण दाबलं.

अकराव्याला दोघीही बरोबर. पाल पुन्हा फटाकडीच्या मानेपाशी. बारावा प्रश्न होता, चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला तर काय होईल. फटाकडीचं बोट विजेसारखं पडलं. पण मावशींनी जन्मभर चुना कालवला होता. त्यांचं बोट त्याहून आधी पडलं होतं.

चार गुणांनी पाल पहिली. वर्गात नुसता कल्ला झाला. आणि सगळ्यांत उंच उड्या कोण मारत होतं, तर दुसरी आलेली.

बाई खिडकीपाशी गेल्या आणि उद्याचा तास तुमचा, असं त्यांनी सांगून टाकलं. मावशींनी परांचीचा बांबू घट्ट धरला. आपली शाळा आठवीतच सुटली, आपण काय शिकवणार, असं त्या पुटपुटल्या. फटाकडी म्हणाली, मी सगळं बसवून देते, आणि सरावाला आमचा धाकटा आहेच.

एवढा गोंधळ ऐकून मुख्याध्यापक धापा टाकत जिना चढून आले. आधी त्यांना नाचणारा वर्ग दिसला, मग खिडकीतला ब्रश.

"अहो बाई, चौथा हात चाललाय ह्या भिंतीला. आणखी किती दिवस लागणार?"

मावशींनी नाकावरचा रंग पुसला. तो गालभर पसरला.

"भिंत तर पहिल्याच आठवड्यात झाली, सर. धडा राहिला होता."