तुळसाकाकूंचा जबाब

विमा कंपनीने दावा फेटाळला तो एका ओळीवर. 'आग दिसण्याच्या अर्धा तास आधी विमाधारकाची आई घरात आली होती, ही गोष्ट विमाधारकाने लपवली.'

ते पत्र घेऊन सिद्धेश कंपनीच्या ठाण्याच्या कार्यालयात बसला होता. कोपरची त्याची दोन खोल्यांची जागा जळून महिना झाला होता. आई, शालन, त्याच दुपारपासून बेपत्ता होती. फोन बंद. आत कुणी सापडलं नव्हतं. दाराला बाहेरून कुलूप होतं. गॅसचा सिलिंडर गॅलरीत होता म्हणून मजला वाचला, असं अग्निशमन दलाचे लोक म्हणाले.

जागा विकायचा विचार त्याने आता सोडला होता. टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत फ्लॅट बुक केला होता, पण आई तो बघायलाही आली नव्हती. परत आल्यावर ती कोपरलाच येणार. ही जागा पूर्वीसारखी उभी राहायला हवी होती, आणि दाव्याशिवाय ते त्याच्याच्याने होणार नव्हतं.

अधिकारी मेघनाबाईंनी फाइल उघडली. शेजारच्या तुळसाकाकूंचा जबाब नुकसानीच्या पाहणीला आलेल्या सर्व्हेअरने इंग्रजीत उतरवला होता. माणूस परप्रांतातला, मराठी जेमतेम. शालन साडेअकराला दारात भेटल्या आणि 'आय अ‍ॅम कमिंग' असं म्हणाल्या, एवढंच त्यात होतं.

"मॅडम, काकूंनी 'येते' सांगितलं असणार," सिद्धेश म्हणाला. "घरातून निघताना आपण काय म्हणतो?"

मेघनाबाई पुन्हा ती ओळ वाचून हसल्या. "माझ्या सासूबाई भाजीला निघालेल्या माणसालासुद्धा 'जाते' म्हणू देत नाहीत."

त्यांनी तिथूनच तुळसाकाकूंना फोन लावला. निघताना शालन 'येते' म्हणाल्या का, एवढंच विचारलं. काकूंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग काकू हो म्हणाल्या.

तीन आठवड्यांत दावा पूर्ण मंजूर झाला.

सिद्धेश पेढे घेऊन काकूंकडे गेला. सोमवारपासून गवंडी लागणार, ओटा आईला हवा तसाच खिडकीखाली घ्यायला सांगितलाय, असं तो सांगत राहिला. काकूंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"आता ती कधीही आली तरी चालेल," तो म्हणाला.

"सिद्धू, बस जरा." काकूंनी दार लोटून घेतलं. "मी त्या साहेबाला खोटं सांगितलं. फोनवरच्या बाईंनाही. तसलं परक्यापुढे कसं बोलायचं रे?"

"काय खोटं?"

"कुलूप लावून ती माझ्या पाया पडली. तिच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. मी म्हटलं, अगं, कुठे निघालीस?" काकूंनी पेढा कागदावर ठेवला. "ती 'जाते' म्हणाली."