डाव्या हाताची रेघ

"डावा हात मागं घे, वैभे. देवाला उजवाच लागतो. आन् तुझ्या हाताला रेघच न्हाई, तू आपली बघत बस."

आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण देवापुढे बसलं की वैभवीला तो आवाज ऐकू यायचाच. लग्न होऊन ती सांगलीकडून इथे बोईसरजवळ सालवडला आली, तसा तोही तिच्यामागोमाग आला होता.

आज मात्र इमारतीखालच्या देवळात चैत्रगौरीपुढे ती बसलीच नव्हती. बसली होती तिची धाकटी जाऊ, दिशा. मुरब्याच्या कोळ्यांची मुलगी, होळीच्या आधी लग्न होऊन घरात आली. चैत्रभर गौरीपुढे रांगोळी काढायची असते, तिला चैत्रांगण म्हणतात, हेही तिला सासूबाईंनी पाडव्याला सांगितलं. आणि आता बघावं तर कासव तिच्या चिमटीतून आपोआप चालत आल्यासारखं उतरत होतं. डाव्या हाताच्या चिमटीतून.

वैभवी दरवर्षी नेमाने चैत्रांगण काढायची. उजव्या हाताने, जीव मुठीत धरून. तिच्या कासवाची पाठ एका अंगाला बसायची, कमळ सुकल्यासारखं दिसायचं. बायका चांगल्या होत्या, कुणी काही बोलायचं नाही. नमस्कार करून पटकन बाजूला व्हायच्या. या वर्षी त्याच बायका वाकून वाकून बघत होत्या, मोबाईलवर फोटो काढत होत्या.

"वैभवी, तुझी सुट्टी झाली गं बाई," दुसऱ्या मजल्यावरच्या हेमांगीताई हसत म्हणाल्या.

वैभवीही हसली. मनात आलं, एखादं कुत्रं तरी शिरावं देवळात, त्या कासवावरून जावं. लगेच तिने मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं. पण आलं होतं ते आलंच होतं.

मग सासूबाई सोजराबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, उद्या हळदीकुंकवाला मोठं चैत्रांगण दिशाच काढेल.

वैभवी शांतपणे म्हणाली, इतक्या शांतपणे की तिची तिलाच भीती वाटली, "काढू दे की आई. पण देवीपुढं डाव्या हातानं चालतं का, तेवढं बघा."

सोजराबाईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्या जरा ओशाळल्या, आणि त्या भरात त्यांचा आवाज चढला. "खरं हाय तिचं. दिशा, उजव्यानं काढ बघू."

दिशाला कळेना यात काय बिघडलं. माहेरी जाळं सांधायला बसताना आई तिला मुद्दाम डाव्या अंगाला घ्यायची, कोपराला कोपर लागू नये म्हणून. तिचा डावा हात घरात सोयीचाच होता. तरी तिने वाटी उजवीकडे सरकवली, उजव्या चिमटीत रांगोळी घेतली आणि दुसरं कासव काढायला लागली.

रेघ थरथरली. मधेच जाड झाली, मग तुटली. पाठ एका अंगाला बसली.

वैभवी बघतच राहिली. ते कासव तिच्या ओळखीचं होतं. दर चैत्रात तिने तेच तर काढलं होतं. तोच थरकाप, वळणावर तसंच अडखळणं. आता ते या मुलीच्या हातून उतरलं होतं, जिच्या हाताला रेघ आहे हे सगळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

"नाय जमत, आई," दिशा खाली मान घालून म्हणाली. "ताईच काढू देत."

"बरं. वैभवी काढंल उद्या, नेहमीसारखी," सोजराबाई म्हणाल्या. मागे कुणीतरी उसासा टाकला. हेमांगीताईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला.

वैभवीला हवं होतं ते मिळालं होतं.

बायका पांगल्या. जिना चढताना दिशा पुढे होती आणि पदराला डावा हात पुन्हा पुन्हा पुसत होती, त्याला काही लागल्यासारखा. वैभवीने तिला मधल्या वळणावर थांबवलं. सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी म्हणाली, "मी पण डावखुरीच आहे. लहानपणी आत्यानं मोडून काढलं ते."

दिशाने तिच्याकडे पाहिलं. रागावली होती, ते लपवलंही नाही तिने. "मंग मला कशाला अडवलंत?"

"जळले," वैभवी म्हणाली. "तुला कुणी मोडलं नाही म्हणून."

खालून कारखान्याच्या शिफ्टची बस गेली. मग वैभवीने शब्द दिला, उद्या उजाडायच्या आत ती गौरीपुढे बसेल. पहिली रेघ तिची, डाव्या हाताची, वाकडी येवो नाहीतर सरळ. कुणाला बोलायचंच असेल तर आधी थोरलीला बोलू दे.

"सासूबाय ऐकतील?"

"माहीत नाही."

दिशा म्हणाली, "शेजारी नका बसू. आपण दोघी डावखुऱ्या, माझं कोपर तुमाला लागंल. समोर बसा."

पहाटे वैभवीने अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, स्तोत्र म्हटलं आणि रांगोळीची वाटी उचलली. दाराशी पोचली तेवढ्यात आतून सोजराबाईंचा झोपाळू आवाज आला.

"कोण? वैभवी का गं?"

"हो आई. चैत्रांगण काढायला निघाले."

"उजव्यानंच काढशील न्हवं?"

शुक्रवार होता. उपासाच्या दिवशी वैभवी खोटं बोलत नसे. कडीवरचा हात क्षणभर तिथेच राहिला.

"नाही आई," ती हळूच म्हणाली आणि आवाज न करता दार ओढून घेऊन जिना उतरू लागली.