जोडाखालची फांदी

वत्सलाबाईंनी गच्चीवरच्या गुलाबाचा फोटो बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. नवऱ्याने जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कोंब सालीत बसवून कलम करून, वाढवलेला हा केशरी गुलाब, ते गेल्यापासून वरून वाळत चालला होता. आज बुंध्याशी हातभर हिरवी फांदी दिसली. दहा जणांनी अभिनंदन केलं.

गटातल्या नलावडे सरांनी मात्र लिहिलं, "ताई, ही फांदी कलमाच्या जोडाच्या खालून आली आहे, म्हणजे जंगली खुंटाची. वरचा गुलाब जिवंत आहे का, साल खरवडून बघा."

वत्सलाबाईंनी नखाने खरवडलं. आत तपकिरी. खाली खाली येत त्या पार जोडापर्यंत आल्या, बोट सोललं, पण हिरवं कुठेच लागेना.

गेल्या हिवाळ्यात, नवरा असताना, शेजारच्या बिल्डिंगमधल्या सायलीने याचीच काडी मागितली होती. "हा आमच्याकडेच राहू दे," असं त्यांनी गटावर सगळ्यांदेखत लिहिलं होतं. आता तो कुठेच उरला नव्हता. त्यांनी कात्री उचलून त्या परक्या फांदीला लावली.

तेवढ्यात सायलीचा फोन आला. "काकू, गटावर वाचलं. रागावू नका. तुम्ही नाही म्हणालात, त्याच संध्याकाळी काका ओल्या फडक्यात गुंडाळून काडी देऊन गेले. हिला कळू देऊ नकोस, म्हणाले. माझ्याकडे फुललाय. तुमची जंगली फांदी पेन्सिलीएवढी जाड होऊ दे, तिच्यावरच माझ्याकडच्या गुलाबाचा डोळा भरू."

"चाळीस वर्षांत माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता त्यांनी," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.